बेहड्याचे झाड आणि दहावीचा फासा

महाभारताच्या वनपर्वात नलोपाख्यान येते. मराठी वाचकाला त्यातला हंस ठाऊक असतो, स्वयंवर ठाऊक असते, नळाच्या रूपात उभे राहिलेले देव आणि त्यांतून खरा नळ ओळखणारी दमयंती ठाऊक असते. रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे हा भाग आपल्या पाठ्यपुस्तकी स्मृतीत पक्का बसला आहे. त्यांच्या काव्याचा आधार श्रीहर्षाचे नैषधीय, आणि त्याची नजर शृंगारावर. त्यामुळे कथेचा उत्तरार्ध, म्हणजे द्यूतात राज्य हरलेला, पत्नीला अरण्यात सोडून गेलेला आणि बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहिलेला नळ, आपल्या वाचनात मागे पडला. या लेखाला त्या उत्तरार्धातला एकच प्रसंग हवा आहे.

दमयंतीचे दुसरे स्वयंवर होणार अशी (मुद्दाम पसरवलेली) वार्ता ऐकून ऋतुपर्ण विदर्भाकडे निघतो. अंतर मोठे, वेळ एका दिवसाचा, आणि घोडे हाकणारा बाहुक. वाटेत एक बेहड्याचे झाड दिसते. राजा सहज म्हणतो की सर्वांना सर्व विद्या येत नाहीत. तुझ्यापाशी अश्वविद्या आहे, तशी माझी गणनेची विद्या पाहा. झाडावरची आणि जमिनीवर पडलेली पाने व फळे यांत एकशे एकाचा फरक आहे. समोरच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि दोन हजार पंच्याण्णव फळे आहेत. बाहुक रथ थांबवतो. राजाला घाई आहे, पण सारथी हट्टाला पेटला आहे: प्रत्यक्ष मोजल्याशिवाय मानणार नाही. तो झाड तोडतो आणि फळे मोजतो. ती तितकीच भरतात. मग ऋतुपर्ण सांगतो की मी फाशांचे रहस्य जाणतो आणि गणनेत निष्णात आहे. दोघांची देवघेव ठरते, अश्वहृदयाच्या बदल्यात अक्षहृदय. ती विद्या मिळताच नळाच्या अंगातला कली बाहेर पडतो आणि बेहड्याच्या झाडात शिरतो. बेहडा अशुभ मानला जातो त्याचे कारण कथा हे देते.

रथ जिकडे चालला होता ते कुंडिनपूर म्हणजे वर्धा नदीच्या पश्चिम काठावरचे कौंडिण्यपूर, अशी परंपरा आहे. आज ते अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यात मोडते. नदीपलीकडचा काठ वर्धा जिल्ह्याचा, आर्वी तालुक्याचा. अयोध्येहून येणारा रथ त्या पूर्वेच्या काठावरूनच नदीत उतरला असावा. पुराणकथेचे नकाशे काढू नयेत हे मान्य. तरीही हे वाक्य मी ठेवतो, कारण त्यातल्या 'असावा' या रूपाकडे पुढे परत यायचे आहे.

इयान हॅकिंग यांनी 'दि इमर्जन्स ऑफ प्रॉबॅबिलिटी' (१९७५) या पुस्तकात याच प्रसंगाची दखल घेतली. त्यांचा मुख्य प्रश्न असा होता की माणूस हजारो वर्षे फासे टाकत आला, तरी संभाव्यतेचे गणित सतराव्या शतकापर्यंत का थांबले? पास्काल आणि फर्मा यांचा पत्रव्यवहार १६५४चा, हायगेन्सची पुस्तिका १६५७ची. त्याआधी युरोपात कार्दानो आणि गॅलिलिओ यांनी फाशांवर लिहिले होते, पण त्यातून शास्त्र उभे राहिले नव्हते. ऋतुपर्णाने एखाद्या डहाळीचे निरीक्षण करून त्यावरून दोन्ही फांद्यांचा अंदाज बांधला असावा, असे हॅकिंग सुचवतात. म्हणजे ज्याला आज नमुना पाहणी म्हणतात तिची ही एक अतिप्राचीन कथारूप आठवण. आणि ही विद्या फाशांच्या विद्येशी एकाच श्वासात सांगितली जावी याचे त्यांना विशेष वाटले.

हा संबंध वरवर पाहता विचित्र आहे. पाने मोजण्याचा फाशांशी काय संबंध? आपल्या डोळ्यांसमोर फासा म्हणजे सहा बाजूंचा ठोकळा असतो, म्हणून हा प्रश्न पडतो. वैदिक फासा तसा नव्हता. ती बेहड्याची फळे होती. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या जुगाऱ्याच्या सूक्तात हीच फळे आहेत. हाइन्रिष ल्यूडर्स या जर्मन पंडिताने १९०७ साली मांडलेल्या उलगड्यानुसार त्या खेळात फळांच्या राशीतून काही फळे घेतली जात आणि त्यांची संख्या चाराने भागली जाई. बाकी शून्य तर कृत, तीन तर त्रेता, दोन तर द्वापर, एक तर कली. युगांची नावे म्हणून आपण जी पाठ करतो ती डावांचीही नावे आहेत. अशा खेळात जिंकायचे तर एका नजरेत संख्या ओळखता आली पाहिजे. मग झाडाची फळे पाहताक्षणी सांगणारा राजा आणि अक्षहृदय जाणणारा राजा हे दोन निराळे गुणी पुरुष राहत नाहीत. ती एकच विद्या आहे. कली नळाच्या अंगातून निघून बेहड्यात शिरतो तेही मग नुसते रूपक वाटत नाही: हरण्याचा डाव आपल्या मूळ जागी, फळात, परत जातो.

येथे एक गंमत नोंदवावीशी वाटते. राजाने सांगितलेल्या आकड्यांपैकी एकशे एकाला चाराने भागले तर बाकी एक उरते, म्हणजे कली. पाच कोटींना भागले तर कृत. दोन हजार पंच्याण्णवांना भागले तर त्रेता. साहित्याच्या अभ्यासकाला येथे लगेच संकेत दिसू लागतो: कवीने कलीच्या निर्गमनाआधीच संख्येतून कली सुचवला! मलाही क्षणभर तसे वाटले. पण कोणतीही संख्या मनात धरली तरी चाराने भागल्यावर एक उरण्याची संभाव्यता एक चतुर्थांश असते, आणि येथे तर तीन संख्या आहेत. तीन संख्यांपैकी निदान एकीत कली निघण्याची संभाव्यता एक वजा तीन चतुर्थांशांचा घन, म्हणजे चौसष्टांत सदतीस; निम्म्याहून जास्त. जो संकेत निम्म्याहून अधिक वेळा आपोआप सापडणारच आहे, त्यावर टीकाग्रंथ उभा करू नये. समीक्षेच्या वर्गात संभाव्यता शिकवायची वेळ आली तर मी या उदाहरणापासून सुरुवात करीन.

गणिताच्या वर्गात मात्र सुरुवात निराळी होते. बालभारतीच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये पाचवे प्रकरण 'संभाव्यता' हे आहे. यादृच्छिक प्रयोग, निष्पत्ती, समसंभाव्य निष्पत्ती, नमुना अवकाश, घटना, असा क्रम. नाणे फेकणे, फासा टाकणे, बावन्न पत्त्यांतून एक पत्ता काढणे. मग सूत्र: घटनेतील निष्पत्तींची संख्या भागिले नमुना अवकाशातील निष्पत्तींची संख्या. हे सूत्र लाप्लासच्या १८१४च्या निबंधातल्या व्याख्येचेच शालेय रूप आहे. त्यात चूक काही नाही. परीक्षेच्या दृष्टीने तर ते वरदान आहे, कारण उत्तर नुसत्या मोजणीने येते. शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही या प्रकरणावर खूश असतात.

पण सूत्राच्या उंबऱ्यावर 'समसंभाव्य' हा शब्द बसला आहे. सर्व निष्पत्तींची शक्यता सारखी आहे हे आधी मान्य केले तरच पुढचे गणित चालते. ते सारखे आहे हे कसे कळले? फासा सुबक घनाकार आहे, नाण्याच्या दोन बाजूंत फरक नाही, पत्ते नीट पिसले आहेत: म्हणजे समरूपतेवरून. याकोब बेर्नुली यांच्या १७१३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या चौथ्या भागात नेमकी हीच अडचण मांडली आहे. खेळांच्या साधनांत सर्व पर्याय सारखे असावेत अशी योजना माणसानेच केलेली असते. रोगाचे, आयुष्याचे, हवामानाचे काय? तेथे पर्याय मोजता येत नाहीत आणि ते सारखेही नसतात. तेथे दुसरा रस्ता धरावा लागतो. पुष्कळदा पाहावे, नोंदवावे, आणि पाहिलेल्यांच्या प्रमाणावरून न पाहिलेल्यांविषयी बोलावे. निरीक्षणे वाढतील तसे ते प्रमाण खऱ्याच्या जवळ जाण्याची खात्री वाढत जाते, हे बेर्नुलींनी सिद्ध केले. बेहड्याचे फळ दुसऱ्या रस्त्याचे आहे. दहावीचा फासा पहिल्या रस्त्याचा.

आपल्या घरांतही दुसऱ्या रस्त्याची साधने होती. पटावर सोंगट्या चालवायच्या खेळात चार कवड्या किंवा अर्धे केलेले चिंचोके टाकतात. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ. चार नाणी टाकली असती तर दोन्हींची संभाव्यता सारखीच, सोळांत एक. पण कवडीची पाठ फुगीर आणि पोट सपाट. ती कशी पडेल हे विचार करून ठरवता येत नाही, टाकूनच पाहावे लागते. समजा शंभरदा टाकल्यावर एक कवडी चाळीसदा उताणी पडली. मग चारही उताण्या पडण्याची संभाव्यता साधारण अडीच टक्के आणि चारही पालथ्या पडण्याची जवळजवळ तेरा टक्के: पाचपट! आपल्या हातातल्या कवड्यांवर आठाचे दान खरोखर दुर्मिळ आहे की नुसते मोठे आहे, हे आठवीतल्या मुलांना एका तासात शोधता येईल. नाण्याच्या वेळी उत्तर आधीच माहीत असते आणि प्रयोग हा उपचार उरतो. कवडीच्या वेळी उत्तर शिक्षकालाही माहीत नसते.

आता त्या 'असावा'कडे येतो. मराठीत शक्यता सांगायला शब्दांची वाण नाही. कदाचित, क्वचित, बहुधा, बहुतेक, प्रायः, हटकून. यांची उतरंडही आपण जाणतो. 'बहुतेक येईल' आणि 'कदाचित येईल' यांत कोणाची वाट पाहावी हे पोरालाही समजते. पण क्रियापदाच्या पातळीवर गोष्ट गुंतागुंतीची आहे. विध्यर्थाचे 'वा' प्रत्ययाचे रूप एकाच वेळी अनेक कामे करते. 'पेरणी मृगात करावी' यात विधी आहे. 'यंदा तरी पाऊस यावा' यात इच्छा आहे. 'एव्हाना गाडी पुलगावला पोचली असावी' यात तर्क आहे. शालेय व्याकरणातही विध्यर्थाचे अर्थ म्हणून कर्तव्य, इच्छा, योग्यता, शक्यता अशी यादी आपण पाठ केलेली असते. जे व्हायला हवे, जे व्हावेसे वाटते आणि जे होण्याची शक्यता आहे, या तिन्हींना एकच प्रत्यय! हा भाषेचा दोष म्हणण्याचे मला धाडस नाही. कवितेची अर्धी श्रीमंती यावर उभी आहे. पण संभाव्यता शिकवणाऱ्याचे पहिले काम हे तीन धागे सुटे करण्याचे असते, आणि ते काम भाषेच्या शिक्षकाला गणिताच्या शिक्षकापेक्षा अधिक चांगले जमेल.

'यादृच्छिक' हा शब्दही असाच पाहण्यासारखा आहे. मूळ यदृच्छा. श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी विश्वाचे कारण काय असा प्रश्न येतो आणि काळ, स्वभाव, नियती यांच्या पंगतीत यदृच्छाही एक उमेदवार म्हणून बसते. गीतेत आपोआप मिळेल त्यात संतुष्ट राहणाऱ्याच्या वर्णनात ती येते, आणि तिथून मराठीत संतवृत्तीचा गंध घेऊन उतरते. म्हणजे शब्दाला एक तत्त्वज्ञान चिकटले आहे: जे आपल्या हाती नाही ते. सांख्यिकीतली यादृच्छिकता याच्या जवळजवळ उलट आहे. तेथे माणूस मुद्दाम, नियमाने, कोष्टकातला आकडा पाहून निवड करतो, ती एवढ्यासाठी की त्याची आवड, आळस आणि ओळखीपाळखी निवडीत शिरू नयेत. उपनिषदातली यदृच्छा माणसाच्या आवाक्याबाहेर आहे. सर्वेक्षणातली माणसाने आवाक्यात आणलेली, एखाद्या अवजारासारखी.

वर्धा जिल्ह्यात शालेय गणिताचा विचार करायचा तर १९३७ टाळता येत नाही. त्या वर्षी २२ आणि २३ ऑक्टोबरला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने वर्ष संपण्याआधी अहवाल दिला. पुढच्या वर्षी हिंदुस्तानी तालिमी संघ स्थापन झाला. आर्यनायकम आणि आशादेवी यांनी सेवाग्रामात नई तालीमची शाळा चालवली. अहवालातला गणिताचा उद्देश स्पष्ट होता: हस्तोद्योग, घर आणि समाज यांत जी आकडेमोड आणि मोजमाप लागते ती मुलाला चटकन करता यावी, व्यवहार आणि हिशेब यावेत. चार मूळ क्रिया, अपूर्णांक, त्रैराशिक, व्याज, क्षेत्रफळ, जमाखर्च. यात संभाव्यता नाही, आणि नसण्यात नवल नाही. त्या काळी शालेय अभ्यासक्रमात तिचे नाव घेण्याची चाल नव्हती. अमेरिकेतसुद्धा ती शाळेत आणण्याची ठोस शिफारस १९५९ची आहे.

नवल वेगळ्या गोष्टीचे वाटते. संभाव्यतेला लागणारा कच्चा माल या शाळेच्या पद्धतीतच होता. टकळीवर सूत काततात तेव्हा चार फुटांची एक तार, १६० तारांची लटी, ६४० तारांची गुंडी. रोज किती तार, सुताचा अंक किती, तूट किती. मुलामुलांगणिक आणि दिवसागणिक बदलणाऱ्या अशा संख्या म्हणजे सांख्यिकीचे भांडार. शेजारी नालवाडीला विनोबा कताईच्या मजुरीवर जगून पाहण्याचा प्रयोग करत होते, आणि अध्यात्माखालोखाल गणितावर प्रेम असलेल्या माणसाला शोभेल अशा काटेकोरपणे. पण नई तालीमच्या तत्त्वज्ञानाचा भर प्रत्येक क्रियेचे 'का' आणि 'कसे' मुलाला कळावे यावर होता. आज तार कमी का निघाली? पेळू नीट नव्हता, हवा दमट होती, चित्त लागले नाही. कारण आहे आणि ते शोधले की दुरुस्त करता येते. ही भूमिका थोर आहे. मात्र तीत कारण न सापडणाऱ्या चढउताराला जागा उरत नाही. कालच्या १६० आणि आजच्या १५२ तारांत काहीच अर्थ नसेल, तो नुसता चढउतार असेल, हे म्हणणे त्या वातावरणात आळसाचे समर्थन वाटले असते. संभाव्यतेचा पहिला धडा तर तोच आहे: काही फरकांना कारण विचारू नये, आधी ते किती मोठे आहेत ते विचारावे.

दुसरी अडचण नीतीची. फासे, पत्ते, पैज ही संभाव्यतेच्या पाठ्यपुस्तकाची साधने, आणि सेवाग्रामच्या परिसरात ती उघडपणे वर्गात आणणे कोणाला रुचले असते? हा संकोच केवळ गांधीवादी नाही. महाभारतानेच द्यूताला सर्वनाशाचे दार ठरवले आहे. कापसाच्या मुलखाला त्याची आणखी एक बाजू ठाऊक आहे. मुंबईत जो आकड्याचा जुगार फोफावला आणि पुढे मटका झाला, तो न्यूयॉर्कच्या बाजारातल्या कापसाच्या उघडत्या आणि बंद भावांवर लावला जाई. ज्या पिकाच्या भावाने हिंगणघाटच्या शेतकऱ्याची झोप जाते, त्याच पिकाच्या भावाचे शेवटचे आकडे गिरणगावात कोणी तरी पैजेला लावत होते. तरीही महाभारत द्यूताचा धिक्कार करून थांबत नाही हे विसरू नये. नळाची कथा बृहदश्व मुनी युधिष्ठिराला सांगतात, आणि शेवटी अक्षहृदय त्यालाही देतात. सर्वस्व हरलेल्या माणसाला ते 'पुन्हा खेळू नकोस' असे सांगत नाहीत. ते त्याला विद्या शिकवतात.

१९४०च्या दशकात मात्र दुसरा रस्ता मराठी माणसांच्या हातून देशाच्या शेतांत उतरला. पीक किती आले याचा अंदाज तोवर 'आणेवारी'ने होत असे. अनुभवी महसूल अधिकाऱ्याने उभे पीक नजरेने पाहून आण्यांत सांगायचे. ही ऋतुपर्णाची पद्धत, फक्त अधिकाऱ्यापाशी अक्षहृदय असेलच असे नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग सुखात्मे आणि कापसावर काम केलेले व्ही. जी. पानसे यांनी नमुना पद्धतीचे पीक कापणी प्रयोग रूढ केले. दोघांचे कृषी सांख्यिकीवरचे पुस्तक १९५४ साली निघाले आणि पिढ्यांनी ते वापरले. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस लहान लहान तुकडे कापून घेत होते. सुखात्म्यांचा आक्षेप असा की तुकडा फार लहान असला तर कडेवरची झाडे आत धरण्याचा मोह होतो आणि उत्पन्न फुगते. हा वाद कडवट झाला. पण त्यातला मुद्दा शाळकरी मुलाला समजेल इतका साधा आहे: एका लहानशा चौकटीत रेषेवर आलेले झाड आत की बाहेर? चौकट जितकी लहान तितकी तिची कड आतल्या जागेच्या मानाने मोठी. परिमिती आणि क्षेत्रफळ यांचा याहून जिवंत धडा मला ठाऊक नाही.

हे प्रयोग आजही वर्धा जिल्ह्यात दर हंगामात होतात. गाव निवडले जाते, गट क्रमांक निवडला जातो, शेताच्या ठरलेल्या कोपऱ्यापासून यादृच्छिक अंकांइतकी पावले लांबीच्या आणि रुंदीच्या दिशेने टाकून चौकट आखली जाते, आणि तेवढेच पीक काढून तोलले जाते. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाई या तोलावर अवलंबून असते. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून उंबरठा उत्पन्न काढतात आणि मंडळाचे उत्पन्न त्याच्या खाली गेले तर फरक मिळतो. महाराष्ट्रात खरीप २०२५पासून भरपाईचा आधार पीक कापणी प्रयोगच आहे. माझे शेत बुडाले आणि तोल दुसऱ्याच्या शेताचा का, ही तक्रार कोणत्याही पारावर ऐकू येते. तिला प्रामाणिक उत्तर देता येते, पण त्यासाठी नमुना म्हणजे काय, तो चुकतो किती, आणि सरासरी एकट्याचे दुःख का सांगू शकत नाही, हे समजावे लागते. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली त्यांत वर्धा होता. त्या घरांतली मुले दहावीला 'संभाव्यता' शिकतात, पूर्ण गुण मिळवतात, आणि बावन्न पत्त्यांतून लाल राजा येण्याची संभाव्यता अचूक सांगतात. बापाने पहिल्या पावसावर पेरावे की थांबावे, दुबार पेरणीचा धोका किती, हा प्रश्न त्याच प्रकरणाचा आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

पावसाच्या बोलीतच पाहा. एप्रिल २०२४मध्ये हवामान विभागाने मोसमी पाऊस सरासरीच्या १०६ टक्के राहील असे म्हटले, आणि अंदाजात पाच टक्क्यांची कमीअधिक चूक धरली. शीर्षकांपर्यंत पोचता पोचता ते पाच टक्के गळतात. वर 'टक्के' या शब्दाने घोटाळा: हे टक्के पावसाच्या प्रमाणाचे, पण 'पावसाची शक्यता साठ टक्के' यातले टक्के शक्यतेचे. दोन्ही एकाच बातमीत येतात आणि वाचणारा दोन्हींना भाकीत समजतो. शेजारी पंचांगात नक्षत्राचे वाहन असते: बेडूक, म्हैस, मोर, कोल्हा. हे वाहनही मोजून आणि नवाने भागून उरलेल्या बाकीवरून ठरते हे फार थोड्यांना माहीत असते. येथेही बाकीच भविष्य सांगते! त्याची थट्टा करण्याऐवजी शाळेने दहा वर्षांची जुनी पंचांगे आणि तालुक्याच्या पावसाच्या नोंदी शेजारी ठेवाव्यात. बेडकाच्या नक्षत्रात पाऊस कोल्ह्याच्या नक्षत्रापेक्षा खरोखर किती वेळा जास्त पडला? हा हिशेब करणाऱ्या मुलाला श्रद्धा सोडायला कोणी सांगायची गरज नाही आणि ठेवायलाही नाही. भाकीत मोजता येते, एवढे त्याला कळले की पुरे.

साहित्याच्या बाजूने एक आक्षेप मात्र हॅकिंग यांच्या वाचनावर घ्यायला हवा. ऋतुपर्णाचा आकडा जर अंदाज असता तर तो थोडा चुकायला हवा होता. दोन हजार शंभर सांगितले आणि निघाली दोन हजार सत्तर, असे झाले असते तर ती नमुन्याची विद्या. कथेत फळे नेमकी तितकीच भरतात, एकही कमी-जास्त नाही. त्यामुळे कथा चमत्काराची होते आणि पद्धत झाकली जाते. विद्या मिळाल्यावर नळ पुष्कराशी एकच डाव खेळतो आणि सारे परत जिंकतो. तेथेही चुकीला जागा नाही. आपल्या परंपरेत अंदाज बांधणारा मोठा असतो तो अचूक असल्यामुळे. आपण किती चुकू शकतो हे आधी सांगणारा मोठा मानण्याची सवय आपल्याला नव्हती, आणि दहावीच्या प्रकरणातही ती लागत नाही, कारण तेथे प्रत्येक उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेल्या अपूर्णांकाशी तंतोतंत जुळते.

हा प्रसंग वर्गात वाचला की मुले बाहुकाच्या बाजूने बोलतील असे मला वाटते. त्याने झाड तोडून मोजले, म्हणजे शंका राहिली नाही. पण झाड गेले. राजाने झाड न तोडता सांगितले, पण कसे ते सांगितले नाही. एवढ्या मोठ्या झाडाची त्याने एखादीच डहाळी पाहिली असेल, तर ती कोणती, रथाच्या बाजूची की पलीकडची, उन्हातली की सावलीतली, आणि ती त्याने निवडली की ती नुसतीच समोर आली?